काळजीच्या दिवसांत उपकारस्तुती कशी करता?

इंदूरची_लेक (सोमवार, रात्री १०:५०)

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

बरेच महिने इथं फक्त वाचत होते. आज लिहायला बसले कारण घरात कोणाशी बोलता येत नाही.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मिस्टरांच्या मानेवर गाठ आली होती. ती काढून तपासायला पाठवली, त्याला आज नऊ दिवस झाले. रिपोर्ट आज येईल, उद्या येईल असं रोज ऐकतोय. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय, त्याच्या टीममधले चौघे गेले. तो सांगत नाही, पण 'जेवलास का' विचारल्यावर 'हो' म्हणायला जो वेळ लावतो त्यावरून मला कळतं. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही.

गेल्या बुधवारी मंडळीतले लोक घरी प्रार्थनेला आले. सगळे मायेनं आले, आपापली कामं टाकून आले, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण एका बहिणीनं माझा हात धरून सांगितलं, "रिपोर्ट चांगला आला म्हणून आत्ताच आभार मान, विश्वासानं बोल." मी डोळे मिटले आणि शब्दच निघेना. सगळ्यांबरोबर 'धन्यवाद प्रभु' म्हटलं, पण ते जिभेच्या खाली उतरलं नाही. लोक गेल्यावर कपबशा धुताना रडले. आणि मग त्या रडण्याचीच भीती वाटली, की आपला विश्वास एवढाच होता का.

आमचं माहेर मूळ नगर जिल्ह्यातलं. वडील रेल्वेत होते म्हणून महूला आलो. आई रोज दिवे लागले की आम्हा भावंडांना ओळीनं बसवायची आणि एकेकाला विचारायची, "आज देवबापानं काय दिलं?" पेरू म्हटलं तरी चालायचं. वडिलांचा पगार अडकला होता त्या महिन्यातही तिनं एक दिवस चुकवला नाही. आईला हे सहज जमत होतं. मला का जमत नाही?

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. ते खोटं न बोलता कसं पाळायचं, एवढंच विचारायचं आहे. ज्यांनी असे दिवस काढले त्यांनी सांगावं.

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:३५)

ताई, आत्ता ड्यूटीवर आहे, सविस्तर उद्या लिहिते. तोवर एकच सांगते. कपबशा धुताना रडलात ती प्रार्थनाच होती. तिला कमी समजू नका.

आज रात्री तुमच्या घरासाठी प्रार्थना करते आहे.

---

सत्यशोधक_मी (मंगळवार, सकाळी ८:१०)

ताई, तुमच्यासाठी प्रार्थना आहेच. पण मला वाटतं आपण या वचनाला फार मऊ करतो. इफिसकरांस ५:२० मध्ये तर 'सर्व गोष्टींबद्दल' आभार माना असं आहे. म्हणजे गाठीबद्दलही. मला हे पटत नाही, पण लिहिलेलं आहे. माझा भाऊ गेला तेव्हा एकानं मला हे वचन मयताच्या घरी ऐकवलं होतं, आणि त्यानंतर दोन वर्षं मी उपासनेला गेलो नाही. त्यामुळे जाणत्या माणसांनी याचं सरळ उत्तर द्यावं.

---

जुना_नगरकर (मंगळवार, सकाळी ११:२०)

ताईंना आणि सर्वांना सलाम. वय ७४, मंडळीची सेवा करून निवृत्त. आता मुलाकडे इंदूरला असतो. ताई, तुमच्या आईचा प्रश्न वाचून मला आमची दिवेलागण आठवली. नगरकडे बऱ्याच घरांत ही रीत होती.

आधी शब्दांकडे बघू या, कारण आपल्या मराठी पवित्र शास्त्रातला शब्दच आपल्याला थोडा फसवतो असं मला वाटतं. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये 'आभारप्रदर्शनासह' असा शब्द आहे. आता आपल्याकडे आभारप्रदर्शन कधी असतं? कार्यक्रम संपल्यावर. पाहुण्यांचं भाषण झालं, मुलांची गाणी झाली, लोक चपला शोधायला लागले की एक जण कागद घेऊन उभा राहतो. म्हणून आपल्या मनात बसलंय की आभार म्हणजे शेवट, सगळं पार पडल्याची पावती. मग तुमच्या घरी आलेल्या बहिणीला वाटलं की आभार आत्ता मानायचे तर आधी रिपोर्ट आला आणि चांगला आला असं धरून चालावं लागेल. दुसरा मार्ग तिला दिसला नाही.

पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या वाक्यात आभार शेवटी नाहीत. प्रार्थना, विनंती, आभार आणि मागणी एकाच ताटात वाढलेली आहेत. मागणी मागणीच राहते. 'प्रभो, गाठ साधी निघू दे' हे मागायचं, जीव तोडून मागायचं. आणि त्याच वेळी जे आज खरोखर हातात आहे त्याबद्दल आभार. न आलेल्या रिपोर्टचे आभार मानायला पौल सांगत नाही. जे घडलं नाही ते घडलं म्हणणं याला मी विश्वास म्हणणार नाही.

मूळ ग्रीकमध्ये तिथं 'युखारिस्तिया' हा शब्द आहे. आपण ज्याला प्रभुभोजन म्हणतो त्याला पुष्कळ मंडळ्या याच शब्दानं ओळखतात. ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री येशूनं भाकर घेतली आणि आभार मानले. भाकरीबद्दल मानले, जी हातात होती. आणि काही तासांतच गेथशेमाने बागेत तोच येशू जमिनीवर पडून म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. आभार आणि थरकाप एकाच रात्री, एकाच माणसाच्या तोंडून. मी चाळीस वर्षं प्रभुभोजन दिलं. ही गोष्ट मात्र मला पत्नीच्या आजारपणात कळली, वेदीपाशी उभं राहून कळली नव्हती.

सत्यशोधक, तुमच्या भावाच्या मयतात ते वचन ऐकवलं गेलं याचं मला फार वाईट वाटलं. आमच्यासारख्या सेवकांनी लोकांना वचन कुठं वापरू नये हे शिकवलं नाही, हा आमचा दोष. इफिसकरांस ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' आहे, बरोबर. त्यापुढे मी येशूच्या मित्राची, लाजराची कबर ठेवतो. योहान ११ काढा. ३५ व्या वचनात येशू रडला. ४१ व्या वचनात त्यानं डोळे वर करून बापाचे आभार मानले. मध्ये फक्त पाच वचनं आहेत. आणि आभार कशाचे? 'तू माझं ऐकलंस' याचे. लाजर मेला याचे आभार त्यानं मानले नाहीत. मरणापुढे तर तो आतून कळवळला. प्रभूनं मरणाबद्दल आभार मानले नाहीत, तर मी तुम्हाला ते करायला कोणत्या तोंडानं सांगू?

---

सत्यशोधक_मी (मंगळवार, दुपारी १:०५)

काका, ३५ आणि ४१ काढून वाचलं. इतकी वर्षं त्या दोन वचनांना मी कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

बाकी काही लिहीत नाही. धन्यवाद.

---

पानगळ (मंगळवार, दुपारी ४:४०)

मी २७ वर्षांचा आहे, इंदूरलाच विजयनगरला राहतो. तीन वर्षांपासून चिंतेच्या आजारासाठी गोळ्या घेतोय. हे मंडळीत फक्त दोघांना माहीत आहे, म्हणून इथं नाव न देता लिहितोय.

आभाराची वही हा प्रकार मी केला होता. युवक सभेत सांगितलं होतं, रोज दहा गोष्टी लिहा. २००३ चा एमन्स आणि मॅककलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा अभ्यासही तिथं सांगितला होता. त्यात लोकांना दहा आठवडे दर आठवड्याला पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य बरं वाटलं, कटकटी लिहिणाऱ्यांना तितकं नाही. अभ्यासाबद्दल तक्रार नाही. पण त्यात आठवड्याला पाच होत्या, मला सांगितल्या रोज दहा. माझ्यासारख्या माणसाचं काय होतं सांगतो. सहा लिहून झाल्या की सातवी सुचत नाही. मग छाती धडधडायला लागते, की देवानं इतकं दिलं आणि तुला सातवी सुचत नाही, तू कृतघ्न आहेस. रात्री दोन वाजता मी देवाकडे क्षमा मागत बसायचो, कशाची तर वही अपुरी राहिली याची. तीच वही माझ्यासाठी नवी चिंता झाली.

डॉक्टरांनी वही बंद करायला सांगितली. पाळकसाहेबांना मी घाबरत घाबरत हे सांगितलं, तर तेही म्हणाले, बंद कर. आणि म्हणाले, स्तोत्र ८८ वाच. मी वाचलं. त्यात शेवटी उजेड येतच नाही. स्तोत्र १३ 'किती वेळ' म्हणत सुरू होतं आणि सहा वचनांत गाण्यापर्यंत पोचतं. ८८ मात्र अंधारातच थांबतं. तरी ते शास्त्रात आहे. कोणी तरी ते काढून टाकलं नाही, 'याचा शेवट नीट कर' म्हणून परत पाठवलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यासाठीही आत जागा आहे.

ताई, तुमचा प्रश्न 'मला का जमत नाही' हा मी हजारदा विचारलाय. 'चिंता करणं पाप आहे' असं तुम्हाला कोणी सांगितलं तर २ करिंथकरांस ११:२८ बघा. फटके, दगडमार, जहाज फुटणं अशी सगळी यादी देऊन झाल्यावर पौल म्हणतो की याशिवाय रोज सर्व मंडळ्यांची चिंता माझ्यावर आहे. फिलिप्पैकरांना 'चिंता करू नका' लिहिताना वापरला त्याच धातूतला शब्द इथं आहे. ज्यानं ते लिहिलं त्यालाही चिंता होती.

आता मी रोज एकच गोष्ट म्हणतो. लिहीत नाही, म्हणतो. सुचली नाही तर त्या दिवशी आमेन.

आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला माझ्यासारखं होत असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, फोन फुकट लागतो. मी तो लावला होता. प्रार्थना सोडून लावला नव्हता, प्रार्थना करूनच लावला होता.

---

रात्रपाळी (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

पानगळ, तू हे लिहिलंस, फार मोठं काम केलंस. मी एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, बावीस वर्षं झाली. गोळी आणि प्रार्थना यांचं भांडण लावणारे लोक मी रोज पाहते, आणि त्यांच्या पेशंटला सोसावं लागतं तेही पाहते.

काल ताईंना सविस्तर लिहिते म्हटलं होतं. माझं सगळं वाचन १ राजे १९ मध्ये येऊन थांबतं. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. 'आता पुरे' म्हणतो. देव त्याला काय म्हणतो? काहीच नाही. झोपू देतो. मग देवदूत येऊन हात लावून उठवतो, 'ऊठ, खा'. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. खाऊन तो परत झोपतो. दुसऱ्यांदा परत तेच, ऊठ, खा. उपदेश नाही, 'आभार मान' नाही, 'तुझा विश्वास कुठं गेला' नाही. बोलणं सगळं पुढे, होरेब डोंगरावर गेल्यावर.

म्हणून ताई, माझा पहिला प्रश्न. तुम्ही जेवताय का? झोपताय का? नऊ दिवस रिपोर्टची वाट पाहणाऱ्या बायका मी ओळखते. मिस्टरांना वाढतात आणि स्वतः उभ्यानं चहात पोळी बुडवून खातात. आज बसून जेवा. ताटावरची प्रार्थना म्हणा, ती तुम्हाला झोपेतही येते. त्यात आभार आहेतच, ते तुम्हाला नव्यानं तयार करावे लागणार नाहीत. भाकरीपुरते आभार आज पुरेत.

दुसरं, रात्री छातीत धडधडतं तेव्हाचं. पेशंटला मी शिकवते तेच सांगते. श्वास घेताना मनात 'देवबापा', सोडताना हळूहळू 'मी तुझ्या हातात'. सोडताना जास्त वेळ लावायचा, घाई नाही. शब्द मोठे नकोत. श्वास सोडताना हृदयाचा वेग थोडा कमी होतो, देवानं शरीर तसंच केलंय.

---

वसईकर_माळव्यात (मंगळवार, रात्री ९:००)

रात्रपाळी ताईंच्या श्वासाबद्दल वाचून लिहावंसं वाटलं. मी कॅथलिक, वसईचा. नोकरीनिमित्त अकरा वर्षं इंदूरला. आमच्याकडे जपमाळ म्हणतात. २००१ मध्ये बर्नार्डी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी तपासलं होतं की जपमाळेची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर येतो आणि त्यानं हृदयाची लय सुधारते. त्याच तपासणीत एका बौद्ध मंत्राचाही तसाच परिणाम दिसला. त्यामुळे हे काही आमच्याच पदरात पडलंय असं मी म्हणणार नाही. माझी आजी सुया-दोरा घेऊन बसल्यासारखी जपमाळ घेऊन बसायची आणि उठायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट, संत इग्नाती लोयोला (१४९१ ते १५५६) यांनी दिवसाच्या शेवटी करायचं आत्मपरीक्षण शिकवलं. ते आभारापासून सुरू होतं. आधी पापं मोजायची नाहीत, आधी दिवसात काय मिळालं ते पाहायचं. पण त्याच बैठकीत पुढे चुकाही येतात, उद्याची भीतीही येते. ताईंच्या आईचा प्रश्न वाचला आणि वाटलं, त्या माउलीनं पोरांना तेच शिकवलं, पेरूपासून.

एक इंदूरची गोष्ट सांगतो, जराशी विषयाच्या कडेची. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथं सिस्टर राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी गर्दीत होतो. १९९५ च्या फेब्रुवारीत उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांच्यावर वार झाले, रस्त्यावरच त्या गेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टर, मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. ही राखी सगळे सांगतात, प्रवचनात नेहमी येते. पण ती राखी २००२ ची. मधली सात वर्षं कोणी सांगत नाही. मला ती सात वर्षंच जास्त जवळची वाटतात. त्या वर्षांत किती रात्री शब्द निघाले नसतील. ताई, तुमचे तर दहाच दिवस झालेत.

---

रामबागचा_वाचक (बुधवार, सकाळी ७:३०)

मी ख्रिस्ती नाही, परवानगीनं लिहितो. आमच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या. वडील ख्रिश्चन कॉलेजात शिकले. १८८७ पासूनचं ते कॉलेज, कॅनडाच्या मिशनचं. त्यामुळे घरात ख्रिस्ती माणसांची ये-जा नेहमीचीच.

जुना नगरकर काकांनी जे लिहिलं, की मागणं आणि आभार एकत्र, ते मला तुकोबांमुळे ओळखीचं वाटलं. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, टाकून बोलतात, आणि त्याच विठ्ठलाला कवटाळतात. ज्याच्याशी नातं आहे त्याच्याशीच भांडता येतं. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत असत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे तो पूल तुमच्याकडेही आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आई ऑक्सिजनवर होती. शेजारचे ख्रिस्ती काका रोज संध्याकाळी आमच्या फाटकाबाहेर, अंतर राखून, दोन मिनिटं उभे राहायचे. मोठ्यानं काही म्हणायचे नाहीत. 'सब ठीक हो जाएगा' असंही एकदाही म्हणाले नाहीत. नुसते उभे राहायचे. आई राहिली नाही. पण आभार मानायचे झाले तर माझ्या मनात पहिलं ते फाटक येतं.

---

जुना_नगरकर (बुधवार, सकाळी १०:१०)

रामबागकर, तुमच्या शेजाऱ्यांना माझा सलाम सांगा. आम्ही पाळक इतका वेळ गप्प उभं राहायला शिकलो असतो तर.

टिळकांचा विषय निघाला म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल थोडं. त्यांचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या याच बाजूला, मध्य प्रांतात येऊन मुली घेऊन गेल्या आणि केडगावला त्यांना वाढवलं. शेवटच्या काळात मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर चाललं होतं, साध्या शिकलेल्या बाईला वाचता यावं असं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. म्हणजे लेकीनंतरचे आठ-साडेआठ महिने ही बाई भाषांतराच्या कागदांवर बसली होती. त्या महिन्यांत 'धन्यवाद कर' हे शब्द त्यांच्या डोळ्यांखालून किती वेळा गेले असतील. स्तोत्रसंहितेत ते पानोपानी आहेत. त्यांच्या मनात त्या वेळी काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण आभाराचे शब्द दुःखाच्या टेबलावर बसून नीट करता येतात, एवढं मला त्यावरून दिसतं.

ताई, एक करून बघा. तीन वाक्यं, मराठीत. आपण इंदूरकर मंडळीत हिंदीत प्रार्थना करतो, चांगलीच करतो, पण आईनं शिकवलेली भाषा पोटातून येते. पहिलं वाक्य खरं सांगायचं: 'बापा, मला भीती वाटते.' दुसरं मागायचं, नाव घेऊन, आडवळण न घेता. तिसरं, आजचा पेरू. बस. क्रमही बदलला तरी चालेल.

---

सत्यशोधक_मी (बुधवार, रात्री ११:००)

काका, ते तिसरं वाक्य आज आलं. भावाची सायकल अजून आमच्या जिन्याखाली आहे. आज माझ्या मुलीनं ती चालवली. सहा वर्षांनी कोणीतरी तिच्यावर बसलं.

तो गेला याचे आभार मी कधीच मानणार नाही. सायकलीचे मानले.

---

पानगळ (गुरुवार, सकाळी ७:०५)

सत्यशोधक दादा, हे वाचून मी बसमध्ये रडलो. शेजारच्या काकांनी पाणी दिलं. आजचं माझं एक वाक्य तेच.

---

इंदूरची_लेक (शुक्रवार, रात्री ८:४०)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. एकेकाला उत्तर द्यायला हवं, पण आज एकत्र लिहिते.

रिपोर्ट काल आला, पण त्यात निश्चित काही नाही. काचपट्ट्या पुढच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवायच्या आहेत. आणखी आठ-दहा दिवस. डॉक्टर नीट बोलले, घाबरवलं नाही, धीरही उगाच दिला नाही. मुलाचं अजून तसंच आहे.

रात्रपाळी ताई, तुम्ही उभ्यानं चहा-पोळीचं लिहिलंत ते कसं ओळखलंत? मंगळवारपासून बसून जेवते. ताटावरची प्रार्थना म्हटली, आणि पहिल्यांदा जाणवलं की यात खोटं बोलायला जागाच नाही. भाकर समोर होती.

काल रात्री मिस्टर आणि मी दोघंच बसलो होतो. मी म्हटलं, तीन वाक्यं म्हणू या. मी पहिलं म्हटलं, 'बापा, मला भीती वाटते.' ते गप्प. मला वाटलं झोपले की काय. मग ते म्हणाले, 'मलाही.' गाठ आल्यापासून या माणसानं हा शब्द काढला नव्हता. मला रोज 'काही नाही होत' म्हणत होते आणि मी त्यांना तेच म्हणत होते. एकमेकांपासून लपवत होतो. त्यानंतर मागणं सोपं गेलं. तिसऱ्या वाक्याला ते म्हणाले, 'ही शेजारी बसली आहे त्याबद्दल.' आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, असं ते कधी बोललेले नाहीत.

आणि आज संध्याकाळी दिवे लागल्यावर मी सासूबाईंना आईचा प्रश्न विचारला. सहजच विचारला, त्यांना बरं वाटेल म्हणून. "आई, आज देवबापानं काय दिलं?" त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू विचारलंस, हेच दिलं. तुम्ही दोघं माझ्यापासून काहीतरी लपवताय ते मला त्याच्या मानेवरची पट्टी दिसल्यापासून माहीत आहे. रोज पहाटे चारला उठून त्याचंच मागते. आता मोठ्यानं मागता येईल."

काका, तुम्ही ज्याला आजचा पेरू म्हणालात, तो हा.

आम्ही तिघं आता रोज रात्री साडेनऊला बसणार आहोत. मुलगाही फोनवर येईन म्हणालाय. ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या घरी त्याच वेळी बसावं. पानगळ, तुझं नाव मी घेणार आहे. नाव माहीत नाही, 'पानगळ'च म्हणेन, प्रभूला कळेल. सत्यशोधक दादा, तुमच्या मुलीचंही.

---

पानगळ (शुक्रवार, रात्री ८:५५)

मी बसेन. तुमच्या मिस्टरांसाठी.

---

जुना_नगरकर (शुक्रवार, रात्री ९:०५)

मीही. सासूबाईंना सांगा, पहाटे चारचा एक जोडीदार इकडेही आहे.

---

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री ९:१०)

आज सुट्टी आहे. बसते आहे. मुंबईला पट्ट्या पाठवताना रिपोर्टची प्रत आणि बिलाची पावती सोबत द्या, आणि त्याचा एक फोटो काढून स्वतःकडे ठेवा. काही अडलं तर इथं विचारा.

---

इंदूरची_लेक (शुक्रवार, रात्री ९:१८)

हो ताई, उद्या सकाळीच करते. नळ आलेत, पाणी भरून घेते आणि बसतो.